खार खाणारे झुडूप

पैठणच्या खाली, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावांतून हिवाळा सरताना फिरले, तर काळ्याभोर रानात मधूनच पांढरे पट्टे दिसतात. जवळ जाऊन बोट लावावे, तर पांढरी भुकटी बोटाला चिकटते. त्या जागी पीक उगवत नाही. उगवलेच तर वीतभर वाढते आणि पिवळे पडते. शेतकरी म्हणतात, 'रान खारावलं'. या भागातील शाळांमध्ये बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास पुढे येतो. "सर, हा खार खाऊन टाकणारं एखादं झाड नाही का?"

प्रश्न चांगला आहे, आणि जुनाही आहे. गेली निदान सव्वाशे वर्षे तो निरनिराळ्या देशांत विचारला गेला आणि बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून एकाच झुडपाचे नाव घेतले गेले. ते झुडूप म्हणजे ऑस्ट्रेलियातील सॉल्टबुश. या उत्तराचे पुढे काय झाले, हा इतिहास शिक्षकांना माहीत असावा असे आम्हाला वाटते; कारण मुलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या इतिहासातच दडलेले आहे.

चाकवताचे नातलग

सॉल्टबुश या शब्दाचा सरळ अर्थ 'मिठाचे झुडूप'. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीला ॲट्रिप्लेक्स म्हणतात. तिच्या अनेक जाती जगभरच्या कोरड्या आणि खारट प्रदेशांत आढळतात. नाव परके असले तरी घराणे आपल्या ओळखीचे आहे. चाकवत, पालक आणि बीट ही त्याच कुळातील मंडळी. पालेभाजीच्या वाफ्यात लावला जाणारा चंदनबटवा तर प्रत्यक्ष ॲट्रिप्लेक्सचीच एक जात आहे. कोकणात खाजणाच्या काठाने वाढणारी मोरस ही खारट भाजीही या घराण्यातली.

ऑस्ट्रेलियातील जातींपैकी सर्वांत नावाजलेली ती 'ओल्ड मॅन सॉल्टबुश', म्हणजे ॲट्रिप्लेक्स न्युम्युलारिया. न्युम्युलारिया म्हणजे नाण्यासारखी. तिची पाने गोलसर असतात म्हणून हे नाव. झुडूप माणसाच्या उंचीपेक्षा वर, तीन मीटरपर्यंत जाते. पानांवर राख फासल्यासारखी करडी-रुपेरी झाक असते. टॉमस मिचेल यांनी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात केलेल्या मोहिमेचा वृत्तांत १८४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातीचे शास्त्रीय वर्णन दिले.

वसाहतीतील मेंढपाळांना शास्त्रीय नावाशी कर्तव्य नव्हते. त्यांना दिसले ते एवढेच, की गवत करपून गेल्यावरही हे झुडूप हिरवे राहते आणि मेंढ्या ते खातात. त्याच्या भरवशावर मेंढ्यांचे कळप कोरड्या प्रदेशात आत आत शिरले. कळप वाढले, दुष्काळ आले, आणि मैलोगणती सॉल्टबुश मुळापर्यंत खाल्ले गेले. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागातील ही दुरवस्था तपासण्यासाठी १९०१ साली शाही आयोगाला अहवाल द्यावा लागला. पुढे १९२५ साली ॲडलेड विद्यापीठाचे प्राध्यापक ऑस्बर्न यांनी कूनामोर येथे उजाड झालेल्या रानाचा एक तुकडा कुंपण घालून राखला. मेंढ्या दूर ठेवल्या तर सॉल्टबुश परत येते का, याची नोंद तेथे ठेवण्यात येऊ लागली. म्हणजे ज्या झुडपाला इतर देश तारणहार समजू लागले होते, तेच त्याच्या मायदेशी स्वतःच्या बचावाची वाट पाहत होते.

कीर्ती समुद्रापार

सॉल्टबुशची कीर्ती जगभर पसरवण्यात मेलबर्नचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर यांचा मोठा वाटा होता. कोणती वनस्पती कोणत्या देशात नेऊन लावण्याजोगी आहे, याची एक जाडजूड सूची त्यांनी तयार केली होती. तिची खास भारतासाठीची आवृत्ती १८८० साली कलकत्त्यात छापली गेली. कोरड्या आणि खारट कुरणांसाठी ऑस्ट्रेलियन सॉल्टबुशची शिफारस अशा पुस्तकांमधून देशोदेशीच्या शेतीखात्यांपर्यंत पोहोचली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांतील जमिनी याच काळात ओलिताखाली येऊन खारावू लागल्या होत्या. तेथील विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ यूजीन हिल्गार्ड यांनी या जमिनींचा कसून अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जमिनीवर पसरणारी एक सॉल्टबुश जात, ॲट्रिप्लेक्स सेमिबकाटा, तेथे लावून पाहण्यात आली. इतर काहीही न उगवणाऱ्या जागी ती तरारून आली. मग विचार पुढे गेला. पानांत एवढे क्षार साठतात, तर हे पीक दरवर्षी कापून नेले की जमिनीतील क्षारही त्याबरोबर निघून जातील! आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात जो विचार येतो, तो हाच.

भारतात या विचाराला श्रोते तयारच होते. १८५५ साली कर्नाळ जिल्ह्यातील मुनक गावच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली होती, की पश्चिम यमुना कालव्याचे पाणी आल्यापासून जमिनीवर पांढरा खार येतो आहे. उत्तर भारतात या खाराला 'रेह' म्हणतात. १८७० च्या दशकात सरकारने या प्रश्नावर समिती नेमली. दुष्काळ टाळावा म्हणून काढलेल्या कालव्यानेच जमीन नापीक व्हावी, हे सरकारलाही अडचणीचे होते. अशा वेळी परदेशी झुडपाचे बियाणे मागवणे हा स्वस्त आणि सोपा उपाय वाटला, यात नवल नाही. भारतातही ऑस्ट्रेलियन सॉल्टबुश लावून पाहण्यात आले. ते काही ठिकाणी जगले, पण खारावलेले एखादे खोरे त्याने पुन्हा पिकते केले, असे घडले नाही.

निरा खोऱ्यातला धडा

महाराष्ट्राला हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भेटला तो निरा खोऱ्यात. भाटघरच्या धरणावर आधारलेला निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुरंदर, बारामती, इंदापूर हा अवर्षणाचा मुलूख. पाणी आल्यावर ऊस आला, गुऱ्हाळे आली. परंतु येथील खोल काळी जमीन म्हणजे बारीक चिकण मातीचा जाड थर. पाणी धरून ठेवण्यात ती पटाईत, पण सोडण्यात कंजूष. कालव्यातून झिरपलेले आणि उसाला दिलेले जास्तीचे पाणी खाली साचत गेले आणि भूजलाची पातळी वर चढली. ती जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे केशाकर्षणाने पाणी वर चढते. पृष्ठभागावर पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींची पाहणी केली. निरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवरची त्यांची पत्रिका १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने प्रसिद्ध केली. हे तेच मॅन, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून दख्खनच्या खेड्याचे अर्थशास्त्र मांडले.

त्याआधीच, १९०३ च्या सुमारास, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी निरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' सुचवली होती. पाणी एकाच पट्ट्यात ओतत न राहता ते अनेक गावांच्या ठरावीक गटांना द्यायचे, आणि त्या गटातही उसाला ठरावीकच वाटा ठेवून पिकांची फेरपालट करायची, असे तिचे सूत्र होते. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग स्थापन केला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे त्याच रोपट्याचे झाड. १९३२ साली निरा खोऱ्यातच पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले आणि उसाबरोबर जमिनीचाही अभ्यास तेथे होऊ लागला.

या सगळ्या खटपटीची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि जास्तीचे पाणी बाहेर कसे काढायचे, या प्रश्नांभोवती ती फिरते. 'कोणते झुडूप लावायचे' हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी नाही. असे का, हे समजण्यासाठी झुडूप खाराचे नेमके काय करते ते पाहावे लागेल.

पानावरचे मिठाचे फुगे

खारट जमिनीत सामान्य झाडाची पंचाईत दुहेरी असते. मातीतील पाण्यात क्षार जास्त असल्याने परासरणाच्या नियमानुसार मुळांना ते ओढणे जड जाते. समोर पाणी असूनही झाड तहानलेले राहते. दुसरे म्हणजे सोडियम आणि क्लोराइड पेशींत शिरले, की तेथील विकरांचे काम बिघडते.

सॉल्टबुश दोन्ही अडचणींतून एकाच युक्तीने वाट काढते. ते क्षार आत घेते, पण त्यांना पेशीच्या कामाच्या जागी फिरकू देत नाही. पेशीतील रिक्तिका नावाच्या पिशवीत ते कोंडून ठेवते. त्यामुळे पेशीतील द्राव मातीतील पाण्यापेक्षा अधिक संहत होतो आणि पाणी आत ओढले जाते. उरलेल्या मिठासाठी आणखी एक कोठार आहे. पानाच्या पृष्ठभागावर बारीक देठांवर उभ्या फुग्यासारख्या पेशी असतात. जास्तीचे मीठ या फुग्यांत भरले जाते. काही दिवसांनी फुगे फुटतात, वाळतात आणि पानावर त्यांचा पातळ थर बसतो. त्या झुडपाची रुपेरी झाक ती हीच. ती ऊनही परतवते.

या झुडपाने वनस्पतिशास्त्राला आणखी एक धक्का दिला. सोडियम हे प्राण्यांना आवश्यक, वनस्पतींना नाही, असे पूर्वी पुस्तकांत असे. १९५७ साली ॲडलेडच्या ब्राउनेल आणि वुड यांनी सॉल्टबुशची एक जात अत्यंत शुद्ध पाण्यात, सोडियमचा लवलेशही राहू न देता वाढवली. रोपे पिवळी पडून खुरटली. किंचित सोडियम दिल्यावर ती सावरली. म्हणजे या झाडाला सोडियम केवळ सोसत नाही, तर लागतो. अर्थात लागतो तो अगदी सूक्ष्म प्रमाणात. पानांत साठणारा ढीगभर खार हा काही त्याचा आहार नव्हे.

हे असे का, याचा उलगडा पुढे उसाने केला. हवाई बेटांवर कॉर्टशाक आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली, आणि ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली, उसाच्या पानातील प्रकाशसंश्लेषणाची वेगळी वाट दाखवून दिली. कार्बन डायऑक्साइड प्रथम चार कार्बनच्या संयुगात बांधला जातो, म्हणून तिला सी-४ मार्ग म्हणतात. उष्ण आणि लख्ख उन्हाच्या हवेत ही वाट पाणी वाचवणारी ठरते. ऑस्ट्रेलियातील अनेक सॉल्टबुश जाती याच वाटेने जातात, आणि सोडियमची गरज ही अशा अनेक सी-४ वनस्पतींत आढळते. ज्या उसाच्या पाण्याने निरा खोऱ्यातील रान खारावले आणि जे झुडूप त्यावर उपाय म्हणून सुचवले गेले, ती दोन्ही पानाच्या आतल्या रसायनात भावंडे निघावीत, ही गंमतच म्हणायची.

आता हिशेब

तर झुडूप खार 'खाते' म्हणजे तो नाहीसा करते काय? नाही. सोडियम हा सोडियमच राहतो. झुडूप त्याला मातीतून उचलून पानात ठेवते, एवढेच. पान गळले की तो पुन्हा मातीवर. १९७३ साली शर्मा आणि टाँगवे या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील सॉल्टबुशच्या रानांत मातीची तपासणी केली, तेव्हा झुडपांच्या खालची वरची माती मोकळ्या जागेतील मातीपेक्षा अधिक खारट आढळली. खोलवरचा खार झुडपाने वर आणून टाकला होता. मेंढ्या तेथेच चरल्या तरी फरक पडत नाही. त्यांच्या लेंडी-मुतातून क्षार त्याच रानात परत जातात.

समजा, आपण फांद्या कापून दूर नेल्या. मग किती खार निघेल? हा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येतो.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक मीटर खोलीपर्यंतची माती १०,००० घनमीटर. एका घनमीटरचे वजन १.३ टन धरले तर मातीचे वजन १३,००० टन. खारावलेल्या जमिनीत क्षारांचे प्रमाण अर्धा टक्का धरू. म्हणजे क्षार झाले ६५ टन.

सॉल्टबुशचे वाळलेले उत्पन्न, सढळ हाताने, हेक्टरी ५ टन धरू. त्याच्या वजनाचा एक पंचमांश भाग क्षार धरू. म्हणजे वर्षाला निघाले १ टन. ६५ टन निघायला ६५ वर्षे! तीही नवा खार येणार नाही या अटीवर.

आणि नवा खार तर येतच असतो. कालव्याचे पाणी गोडे असले तरी त्यात थोडे क्षार असतातच. लिटरला ३०० मिलिग्रॅम धरू. उसाला वर्षाकाठी दोन मीटर उंचीइतके पाणी दिले, तर हेक्टरी २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी झाले. त्यातून आलेले क्षार ६,००० किलो, म्हणजे ६ टन. शेजारच्या रानात वर्षाला ६ टन येणार आणि झुडूप १ टन नेणार. या शर्यतीत झुडूप जिंकण्याची शक्यता नाही.

आता दुसरी बाजू पाहा. मृदाशास्त्रातील एक ठोकताळा असा आहे, की एक मीटर मातीच्या थरातून एक मीटर पाणी निथळून गेले तर सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार धुऊन जातात. भारी काळ्या मातीत हे काम सावकाश होते आणि पाणीही अधिक लागते, पण हिशेबाचा आकार बदलत नाही. ६५ टनांचे ८० टक्के म्हणजे ५२ टन. झुडपाला जे अर्ध्या शतकात जमले असते, ते निचरा थोड्या हंगामांत करतो. अट एकच: पाण्याला खाली जायला आणि शेताबाहेर पडायला वाट हवी.

येथे आणखी एक भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. नुसती खारवट जमीन आणि चोपण जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. त्यामुळे कण विखुरतात, माती ओली असता लोण्यासारखी चिकट आणि वाळली की दगडासारखी होते, आणि पाणी आत मुरेनासे होते. तेथे पाण्याने धुण्यापूर्वी जिप्सममधील कॅल्शियम देऊन सोडियमला कणांवरून हटवावे लागते. हिल्गार्ड यांनी एकोणिसाव्या शतकातच जिप्समचा हा उपाय सांगितला होता. सॉल्टबुशच्या गाजावाजात त्यांचे हे अधिक मोलाचे सांगणे मागे पडू नये.

मग झुडूप निरुपयोगी काय?

तसे मुळीच नाही. चूक झुडपाची नव्हती, त्याच्यावर लादलेल्या अपेक्षेची होती. जेथे निचरा करणे शक्य नाही किंवा परवडत नाही, तेथे सॉल्टबुश उजाड जमिनीवर आच्छादन धरते, धूप रोखते आणि टंचाईच्या दिवसांत चारा देते. चाऱ्यात प्रथिने चांगली असतात. मात्र मिठामुळे जनावरांना पाणी भरपूर लागते, म्हणून तो इतर चाऱ्यात मिसळूनच घालावा लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर कालव्यांशिवाय जमिनी खारावल्या. खोल मुळांचे मूळ रान तोडून गहू पेरला, पावसाचे पाणी पूर्वीसारखे शोषले जाईना आणि खारट भूजल वर आले. तेथे आज सॉल्टबुशच्या ओळी लावतात त्या चाऱ्यासाठी आणि भूजल थोडे खाली राहावे यासाठी. खार खाऊन टाकण्यासाठी नव्हे. भारतात कर्नाळ येथे, म्हणजे मुनक गावाच्याच जिल्ह्यात, १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तिनेही ॲट्रिप्लेक्सचा विचार खारट जमिनीवरचे चारापीक म्हणून केला आहे.

बाहेरून झाड आणताना आणखी एक सावधगिरी हवी, आणि ती मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. वेडी बाभूळ हीदेखील ओसाड जमिनीचा उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात परदेशातून आणलेली. आज ती गायरानांत आणि तळ्यांच्या काठांवर कशी माजली आहे, ते आपण पाहतोच. कॅलिफोर्नियात मोठ्या आशेने नेलेली सॉल्टबुशची जातही आता तेथे उपद्रवी तणांत गणली जाते.

पुन्हा पैठणकडे

जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीचा डावा कालवा छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी जिल्ह्यांतील रानांना पाणी नेतो. या लाभक्षेत्राचा बराचसा भाग खोल काळ्या जमिनीचा आहे. म्हणजे निरा खोऱ्यात जी माती, जो कालवा आणि जे उसाचे आकर्षण होते, ती तिन्ही येथेही एकत्र आली. पांढरे पट्टे उमटले, ते अपघाताने नव्हे.

फरक एवढाच, की निरा खोऱ्यातील शेतकऱ्यांना पुढचे दिसत नव्हते, आपल्याला दिसते. पैठण रस्त्यावर कांचनवाडी येथे १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली 'वाल्मी', उभी आहे. तिच्या नावात पाणी आणि जमीन शेजारी ठेवली आहेत, ते योग्यच आहे. उपाय काय, हे माहीत आहे. पाणी मोजून द्यायचे, शक्य तेथे ठिबक बसवायचे, उसामागून ऊस घ्यायचा नाही. बुजलेले नाले आणि चर मोकळे करायचे. जेथे खार फुटला आहे तेथे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करायचा आणि चोपण असेल तेथे आधी जिप्सम द्यायचे. अर्थात निचऱ्याचे खारट पाणी शेवटी नाल्यात आणि नदीत जाते, खालच्या गावाला ते सोसावे लागते. म्हणून मुळात जास्तीचे पाणी न देणे हाच सर्वांत स्वस्त निचरा.

अडचण ज्ञानाची नाही. एका शेतकऱ्याचा चर दुसऱ्याच्या बांधातून जातो. नाला कोणा एकाचा नसतो. वरच्या अंगाच्या शेतात पाणी जास्त दिले तर खार खालच्या शेतात फुटतो. झुडूप एकट्याने लावता येते. निचरा मात्र सगळ्या शिवाराला मिळून करावा लागतो. खार खाणाऱ्या झाडाचा शोध पुन्हा पुन्हा का घेतला गेला, याचे कारण आम्हाला येथे दिसते. ते झाड सापडले असते, तर शेजाऱ्याशी बोलण्याची गरज उरली नसती.

वर्गात करण्यासारखे

दोन सारखे प्लास्टिकचे डबे घ्या. एकाच्या बुडाला चार-पाच भोके पाडा आणि खाली बशी ठेवा. दुसरा तसाच असू द्या. दोन्हींत शेतातील तीच माती भरा. एक लिटर पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून ते पाणी दोन्ही डब्यांना रोज सारखे द्या आणि डबे उन्हात ठेवा. बंद डब्यात पाणी तुंबू लागले तर दोन्हींचे पाणी एक-दोन दिवस थांबवा. महिन्याभरात कोणत्या मातीवर पांढरी पापडी धरते, ते मुलांना लिहून ठेवायला सांगा. मग भोकांच्या डब्याला साधे पाणी भरपूर द्या, बशीत उतरलेले पाणी आटवा आणि तळाशी काय उरते ते पाहा. शेवटी दोन्ही डब्यांत मेथीचे दाणे पेरा.

लाभक्षेत्रातील शाळा असेल तर याच्या जोडीला गावच्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहावी. दोरी, दगड आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. पातळी दोन मीटरच्या आत येऊ लागली, तर तो तक्ता ग्रामसभेत नेण्याजोगा आहे.